रंग निवडायला एचएसएल की ओकेएलसीएच?

शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा हंगाम सुरू झाला की मोबाईलवर फिरणारे गुणतक्ते करायचं काम माझ्याकडे येतं. प्रत्येक संघाची रंगीत पट्टी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत नाव. कोल्हापुरात संघाचा रंग म्हणजे पेठेची इभ्रत, तो आपल्या मनानं बदलता येत नाही. या एका कामानं माझी एचएसएलची, म्हणजे रंगकोन (रंगचक्रावरची जागा), भरणा आणि उजळपणा या तीन आकड्यांनी रंग निवडायच्या पद्धतीची, सवय मोडली.

एचएसएल तसं हाताला बसलेलं. १९७८ पासूनचं, बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये सापडतं. लग्नपत्रिकेसाठी एक मरून आणि त्याच्या दोन फिक्या छटा हव्या असतील तर मी आजही तेच उघडतो. तेवढ्यासाठी नवं काही शिकायची गरज वाटत नाही.

घोळ होतो तो वेगवेगळे रंग शेजारी आले की. एचएसएलमध्ये शुद्ध पिवळा आणि शुद्ध निळा, दोघांचा उजळपणा ५० टक्केच. आकडा सारखा म्हणून मी सगळ्या पट्ट्या ५० वर ठेवल्या. निळ्यावरचं नाव लांबूनही वाचता येत होतं, पिवळ्यावरचं गायब. हिरव्यावर तीच गत. मग एकेक पट्टी हातानं गडद करायची, डोळे बारीक करून बघायचं, पुन्हा गडद करायची. दर हंगामात माझ्या दोन संध्याकाळी यातच जायच्या.

कारण साधं आहे. एचएसएल लाल, हिरवा, निळा या आकड्यांतला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान घेऊन त्यांची सरासरी काढतं. डोळ्याचा हिशोब असा नसतो. उजळपणाची जाणीव मुख्यतः लांब आणि मध्यम तरंगलांबीच्या शंकूपेशींमुळे होते. निळ्याकडच्या पेशी मुळात थोड्या, आणि उजळपणात त्यांचा हात जवळजवळ नाहीच. पडद्यावरच्या पांढऱ्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१, निळ्याचा जेमतेम ७. पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, तो झळकणारच.

ओकेएलसीएचमध्येही असेच तीन आकडे, पण ते डोळ्याचा हा हिशोब धरून चालतं. ब्यॉर्न ओट्टोसन यांनी २०२० मध्ये मांडलेल्या ओकेलॅब या रंगपद्धतीचंच ते रूप. तिथं उजळपणा ० (काळा) ते १ (पांढरा) असा मोजतात; शुद्ध पिवळ्याचा ०.९७ च्या आसपास, निळ्याचा ०.४५. मी उजळपणा ०.५५ वर बांधला आणि नुसता रंगकोन फिरवत गेलो. लाल, हिरवा, निळा, जांभळा, सगळ्यांवर पांढरं नाव सारखंच उठून आलं. १९७६ चं ‘लॅब’ हे रंगांचं जुनं मोजमापही याच वाटेवरचं, पण त्यात निळा फिका करत नेला की जांभळट होतो, म्हणून ते मी बाजूला ठेवलं.

अडचणी इथंही आहेत. रंगाचा भरणा जास्त वाढवला तर पडद्याला न झेपणारा रंग तयार होतो. फ्लेक्सच्या शाईपुढं दोन्ही पद्धती सारख्याच. नमुना छापून बघावाच लागतो.

आणि पिवळा. पट्टणकोडोलीच्या भंडाऱ्यासारखा पिवळा ०.५५ वर चक्क शेवाळी होतो. तालमीतल्या एका पोरानं विचारलंच, "दादा, आमचा पिवळा मळका का केलाय?" त्याचं बरोबर होतं. पिवळा गडद केला की डोळा त्याला पिवळा मानतच नाही. आता ती एकच पट्टी मी ०.८८ वर ठेवतो आणि नाव काळ्यात लिहितो. कुठली पट्टी अडणार हे उजळपणाचा आकडा मला आधीच सांगतो. कामात अनेक रंग शेजारी येणार असतील, तर मला वाटतं ओकेएलसीएचला एक हंगाम द्यावा.