मरीन प्लायचे पैसे आणि कमर्शियल प्लायची कपाटे

आपल्या खेळांचा, पुस्तकांचा किंवा कोणत्याही छंदाचा संग्रह घरातल्या एखाद्या खोलीत कपाटांतून मांडण्याचा विचार नाशिकमध्ये जे कोणी करत असतील, त्यांनी सनमायका चिकटवण्याआधी आत कोणता प्लाय जातो आहे याची खात्री करून घ्यावी. आम्हा नवरा-बायकोची फसवणूक नेमकी त्या टप्प्यावर झाली, आणि सनमायका बसल्यावर ती कोणालाही दिसण्यासारखी राहिली नाही.

आमचा संग्रह टेबलाभोवती बसून खेळायच्या भूमिका-खेळांचा आहे, म्हणजे ज्यांत प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेऊन गोष्ट पुढे नेतो अशा खेळांचा. अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’पासून हा प्रकार रूढ झाला. त्या खेळाची १९८३ मधील लाल पेटी, ‘ट्रॅव्हलर’ आणि ‘कॉल ऑफ क्थुलू’ हे याच प्रकारचे खेळ, नियमांची जाड पुस्तके, नकाशे, फासे आणि शिशाच्या मिश्रधातूच्या लहान मूर्ती असे पुष्कळ काही आमच्याकडे वर्षानुवर्षे जमत गेले. पक्क्या बांधणीचे नियमांचे एक पुस्तक साधारण एक किलोचे असते आणि चार फुटांच्या फळीवर अशी चाळीसेक पुस्तके सहज बसतात, म्हणजे एकेका फळीवर चाळीस किलोंच्या आसपास कायमचा भार येतो. जुन्या पुठ्ठ्याच्या पेट्या ओल लागली की फुगतात. शिशाच्या मूर्तींचा प्रश्न आणखी नाजूक आहे, कारण बंद कपाटात लाकडातून व प्लायमधून सुटणाऱ्या आम्लयुक्त वाफांनी त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते आणि चेहऱ्याचे बारकावे कायमचे नाहीसे होतात. म्हणून पुस्तकांसाठी आयएस ७१० या भारतीय मानकाने प्रमाणित, पाण्याला टिकणारा मरीन प्लाय आणि मूर्तींसाठी ॲल्युमिनियमच्या चौकटीत टफन म्हणजे भट्टीत तापवून मजबूत केलेल्या काचेच्या फळ्या असे आम्ही कंत्राटदाराकडून कोटेशनमध्ये स्पष्ट लिहून घेतले होते.

या गृहस्थाने पहिल्याच भेटीत मोबाइलवर ‘आम्हीच केलेल्या’ दोन गेम रूमची छायाचित्रे दाखवली आणि आमच्या खेळांविषयी इतक्या आस्थेने विचारपूस केली, की छंद समजणारा माणूस भेटला याचाच आनंद वाटला. तीच छायाचित्रे पुढे इंटरनेटवर शोधली तेव्हा ती परदेशी घरांची निघाली. त्यांतल्या एका भिंतीवरचा विजेचा सॉकेट अमेरिकी पद्धतीचा, दोन उभ्या चपट्या खाचांचा आहे, आणि तसा सॉकेट आपल्याकडच्या घरांत बसवत नाहीत. कामाची छायाचित्रे पाहताना खिडक्या, सॉकेट, दरवाजांच्या कड्या यांकडेही पाहावे, आणि शक्य असेल तर त्या घरी प्रत्यक्ष जाऊन यावे.

मुख्य डाव याप्रमाणे होता. निम्मी रक्कम आधी घेतल्यावर त्याने टेम्पोतून आठ बाय चारच्या शीट घरी आणल्या, प्रत्येकीवरचा आयएसआय शिक्का आम्हाला दाखवला, छायाचित्रेही काढू दिली आणि ‘माल पोचला’ म्हणून दुसरा हप्ता घेतला. मग तो म्हणाला, “ताई, घरात कटिंग केलं तर फार धूळ होईल. कारखान्यात कापून, सनमायका लावूनच आणतो.” पत्नीला दम्याचा त्रास असल्यामुळे ही सूचना काळजीपोटी केलेली वाटली. परत आले ते मात्र वेगळ्याच प्लायचे तुकडे होते, चारही बाजूंनी पट्टी मारून बंद केलेले. शिक्क्याच्या शीट केवळ दाखवण्यापुरत्या होत्या, आणि त्या याआधी किती घरांत दाखवून झाल्या असतील कोण जाणे.

नाशिकचा पाऊस ओसरता ओसरता मधल्या फळ्या वाकल्या, मागच्या बाजूला बुरशी दिसू लागली आणि लाल पेटीचा तळ ओलसर लागला. पंचवटीतल्या ओळखीच्या सुतारकाकांनी एका फळीचा कोपरा कापून पाहिला. “दादा, हा मरीन नाही. साधा कमर्शियल आहे, कडेला नुसता लाल रंग फासलाय,” ते म्हणाले. आयएस ७१० च्या प्लायला ७२ तास उकळत्या पाण्यात टिकावे लागते. आमचा तुकडा पातेल्यात ठेवल्यावर काही तासांतच पापुद्रे सुटून वेगळा झाला. ही चाचणी घरी कोणालाही करता येते, फक्त ती पट्टी मारण्याआधी, आपल्या देखत कापलेल्या तुकड्यावर करावी. शिक्क्याजवळ ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो आणि तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर या ॲपवर तपासता येतो. कटिंगसाठी शीट बाहेर न्यायच्याच असतील तर प्रत्येक शीटच्या दोन्ही बाजूंवर ठिकठिकाणी आपली सही करावी, आणि तुकडे सनमायकाविना परत मागवून त्या सह्या जुळवून पाहाव्यात.

काचेची लबाडी यापेक्षाही धोकादायक होती, कारण घरात आमची लहान भाची नेहमी खेळायला येते. टफन काच भट्टीतून निघाल्यावर कापता येत नाही. कापायला गेले तर ती बारीक तुकड्यांत फुटते, म्हणून मापे आधीच देऊन ती बनवून घ्यावी लागते. आमच्याकडे मात्र एक फळी मोठी झाली म्हणून कामगाराने गॅलरीत बसून हिऱ्याने रेघ मारली आणि काच सरळ मोडली. असे घडताना दिसले तर ती काच साधी आहे असे खुशाल समजावे आणि काम तिथेच थांबवावे. खऱ्या टफन काचेच्या कोपऱ्यात बहुधा पुसता न येणारा शिक्काही असतो.

जीएसटीच्या नावाखाली त्याने वेगळी रक्कम घेतली, पण पक्के बिल शेवटपर्यंत दिले नाही. कोटेशनवरचा त्याचा जीएसटी क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकल्यावर ती नोंदणी रद्द झालेली दिसली. ही तपासणी विनामूल्य असून मिनिटभरात होते. ॲडव्हान्स देण्याआधी ती जरूर करावी.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर आम्ही तक्रार नोंदवली, आणि त्यातून काही निष्पन्न न झाल्यामुळे आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे जात आहोत. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे जावे लागते, आणि दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. कोटेशन, पैसे पाठवल्याच्या नोंदी, शीटची छायाचित्रे आणि कापलेला तुकडा आम्ही जपून ठेवले आहेत. ज्यांच्याकडे अशाच शीट दाखवून परत नेल्या गेल्या असतील, त्यांनी आपल्या कपाटाची एखादी न दिसणारी कड आजच उघडून पाहावी, कारण ही दोन वर्षांची मुदत त्यांनाही लागू आहे.