जुना रेकॉर्ड प्लेअर दुरुस्तीला देताय? माझे १५,५०० रुपये कसे गेले ते आधी वाचा

एकूण १५,५०० रुपये गेले. घरी येऊन बघण्याचे ५००, 'ओरिजिनल' कार्ट्रिजचे (सुई ज्यात बसते आणि जो तिची थरथर विजेत बदलतो तो भाग) ९,०००, ॲम्प्लिफायरचे कंडेन्सर बदलल्याचे ४,८०० आणि 'अलाइनमेंट'चे १,२००. सगळे यूपीआयने. वर सासऱ्यांच्या प्लेअरचं श्युअर कंपनीचं मूळ कार्ट्रिज तो दुरुस्तीवाला माझ्या डोळ्यांदेखत काढून घेऊन गेला. ते आठवलं की अजूनही संताप होतो.

प्लेअर गॅरार्डचा एसपी २५, जोडीला जुना स्टीरिओ ॲम्प्लिफायर. डावा स्पीकर मध्येच गप्प व्हायचा, भीमसेनजींचा खर्ज पोकळ वाटायचा आणि रेकॉर्ड आतल्या बाजूला सरकली की प्रत्येक 'स' फाटायचा. जाणकारांनी एव्हाना ओळखलं असेल. सुई झिजली होती आणि कार्ट्रिजच्या मागच्या चार पिनांवर काळपट थर चढला होता. पण हे मला नंतर कळलं. मी आयुष्यभर गाणं ऐकलंय, मशीन उघडून बघितलेलं नाही. ज्याला पैसे देऊन बोलावलं, त्याने सांगायचं ना?

एका ॲपवरच्या जाहिरातीतून तो आला. चपला बाहेर काढल्या, सासऱ्यांच्या फोटोला नमस्कार केला. रेकॉर्ड जेमतेम अर्धा मिनिट ऐकली आणि म्हणाला, "काकू, कार्ट्रिज संपलं. नवीनच मागवावं लागेल." नुसती सुई बदलून भागणार नाही का, असं मी स्पष्ट विचारलं होतं. "सुई वेगळी मिळत नाही," म्हणाला. साफ खोटं! या कार्ट्रिजची सुई हाताने पुढे ओढून निघते, दुसरी तशीच बसते आणि इतर कंपन्यांनी बनवलेल्या सुया आजही विकत मिळतात.

मग तो म्हणाला, "जुनं जमा केल्याशिवाय कंपनी नवीन देत नाही."

तिथेच त्याला दाराबाहेर काढायला हवं होतं. श्युअरने रेकॉर्ड प्लेअरची कार्ट्रिजं बनवणं २०१८ सालीच बंद केलंय. कुठली कंपनी आणि जमा कुठे करणार? "राहू दे ना जुनं माझ्याकडे," असं मी म्हटलंही. त्यावर तो म्हणाला, "गॅसच्या सिलिंडरसारखं असतं काकू, रिकामा दिला की भरलेला मिळतो." इतक्या सहज म्हणाला की कुणालाही पटावं. तोवर स्क्रू निघाले होते आणि वस्तू त्याच्या खिशात गेली होती.

नंतर त्याने जे बसवलं, ते काही शे रुपयांत मिळणारं लाल सुईचं सिरॅमिक कार्ट्रिज. माझ्या श्युअरसारखं मॅग्नेटिक कार्ट्रिज जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट देतं, म्हणून ॲम्प्लिफायरचा फोनो इनपुट, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर जोडायची जागा, ते बरंच वाढवून घेतो. सिरॅमिक शेकडो मिलिव्होल्ट देतं. ते त्याच इनपुटला जोडलं की आवाज कर्कश होऊन फाटणारच. शिवाय दोन-तीन ग्रॅमऐवजी पाच-सहा ग्रॅमचा भार रेकॉर्डवर पडतो, तो वेगळाच. "नवीन आहे, वाजवत राहा, मोकळं होईल," असं सांगून तो गेला आणि मग फोन बंद. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका जुन्या कारागिराने ॲम्प्लिफायर उघडून दाखवला. कंडेन्सर सगळे जुनेच होते, त्यांच्यावरची धूळसुद्धा हललेली नव्हती. ४,८०० रुपये कशाचे घेतले?

पोलीस चौकीत गेले. "मॅडम, हा दुरुस्तीचा वाद आहे, ग्राहक न्यायालयात जा." न केलेल्या कामाचे पैसे घेणं आणि थाप मारून वस्तू नेणं हा वाद? भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? "एका पिनेसाठी एवढं?" असं दुसरा म्हणाला आणि हसला. पिन नाही हो, चोरी आहे ती! साधा अर्जही घेईनात, साहेब बंदोबस्तावर. बँकेचं उत्तर, यूपीआयचा पिन तुम्हीच टाकलाय, व्यवहार वैध आहे. ॲपवाले म्हणतात, आम्ही फक्त जाहिरात दाखवतो. त्या माणसाची जाहिरात अजून तिथे आहे, वर पाच चांदण्या. सगळे मला दुसऱ्याचं दार दाखवतात आणि तो आज आणखी कुणाच्या तरी घरात 'काकू' म्हणत बसला असेल.

कार्ट्रिज हातातून सोडू नका. बदललेला प्रत्येक भाग, अगदी जळका कंडेन्सरसुद्धा, मागून घ्या. आर्म उचलून, भिंगातून सुई न बघता जो निदान करतो, त्याला चहा पाजून परत पाठवा. दोन्ही स्पीकरच्या वायरी आधी अदलाबदल करून बघा. गप्प बसणारी बाजू बदलली नाही, तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या वायरीचा आहे. मशीन द्यायच्या आधी कार्ट्रिजचा जवळून फोटो काढा. पावतीशिवाय रुपयाही नाही. चौकीत घेतलं नाही तर तक्रार वरिष्ठांना लेखी, टपालाने पाठवा, मी पाठवलीय. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या रकमेला शुल्क नाही, वकीलही लागत नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जायचं. माझे कागद तयार आहेत.

आणि एक विनंती. जुन्या बाजारात किंवा ऑनलाइन कुणी श्युअर एम ७५ विकायला काढलेलं दिसलं आणि त्याच्या बसवायच्या दोन कानांपैकी एकाची कड उडालेली असेल, तर ते माझं आहे. विकणाऱ्याचा फोटो घ्या आणि मला कळवा.