माजी सैनिकाच्या घरातला ऑनलाइन दवाखाना: काही महिने वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो. डॉक्टर स्क्रीनवर दिसणं ही यातली सगळ्यात दिखाऊ सोय आहे. खरा उपयोग होतो तो लेखी संदेशांचा, घरी घेतलेल्या नोंदींचा आणि घरच्या माणसाला मिळालेल्या स्वतंत्र लॉगिनचा. लागतं ते इतकंच: टॅबलेट, वायरचा हेडसेट, दंडाला बांधायचं बीपी मशीन आणि रुग्णालयाचं पोर्टल, म्हणजे नोंदी आणि संदेशांचं ऑनलाइन खातं. आणि हे सगळं सांभाळणारं एक माणूस, बहुधा बायको किंवा मुलगी.

बहुतेक भेटी फसतात त्या आवाजामुळे. बंदुका, तोफा, इंजिनं यांच्याजवळ वर्षं काढलेल्या कानांचं नुकसान आधी 3000 ते 6000 हर्ट्झच्या, म्हणजे उंच आवाजांच्या पट्ट्यात होतं, सहसा 4000 च्या आसपास सर्वात जास्त. स्वर नीट ऐकू येतात, पण स, श, फ, च निसटतात. ‘साठ’चा ‘आठ’ होतो आणि माणूस मान डोलावून ‘हो, हो’ म्हणत राहतो. जुन्या पद्धतीच्या साध्या फोन कॉलमध्ये 3400 हर्ट्झच्या वरचं जवळजवळ काही जातच नाही, म्हणजे मुळात कमी ऐकू येणारा भागच कापला जातो. अ‍ॅपवरच्या कॉलमध्ये वरचा पट्टाही येतो. त्यामुळे चित्र बंद ठेवायचं असलं तरी कॉल अ‍ॅपवरूनच करावा.

ब्लूटूथमध्ये एक मेख आहे. गाणी ऐकताना छान वाजणारा हेडसेट कॉल सुरू होताच डबक्यातून बोलल्यासारखा वाजतो. कारण त्याचा माइक चालू झाला की बरेच हेडसेट कमी दर्जाच्या कॉल-मोडमध्ये जातात आणि ऐकू येणारा आवाजही खालावतो. उपाय सोपा आहे: वायरचा हेडसेट वापरा, किंवा सेटिंगमध्ये माइक टॅबलेटचा आणि आवाज ब्लूटूथवर असं वेगळं निवडता येत असेल तर तसं करा. श्रवणयंत्र असेल तर हेडफोन लावण्यासाठी ते काढू नका. कान झाकणारा मोठा हेडफोन यंत्रावर बसतो, पण शिट्टी येऊ लागली तर थोडा मागे सरकवा. काही यंत्रांचं ट्यूनिंग ऑडिओलॉजिस्ट (श्रवणतज्ज्ञ) दुरूनही करून देतात आणि ते चांगलं जमतं, पण कानात मळ साचला असेल तर कितीही ट्यूनिंग करा, फरक पडणार नाही. कॅप्शन (बोलणं पडद्यावर अक्षरांत) चालू ठेवाच, मात्र औषधाचं नाव आणि डोस कॅप्शनवरून कधीही उतरवू नका. तो संदेशात लिहून मागवा.

कॉल तुटत असेल तर डाउनलोडपेक्षा अपलोड तपासा. घरातला एखादा फोन त्याच वेळी फोटोंचा बॅकअप चढवत असतो, दोष मात्र डॉक्टरांच्या अ‍ॅपला जातो. नुसत्या आवाजाला सेकंदाला 100 किलोबिटही पुरतात, म्हणून नेट रडू लागलं की आधी व्हिडिओ बंद करावा.

बीपीच्या नोंदी पाठवण्याचा फायदा मोठा आहे, पण आकडे खरे असतील तरच. पट्टा दंडाच्या मापाचा हवा, जाड दंडावर लहान पट्टा बांधला की आकडा वर जातो. मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा, कॉफी, सिगारेट नको. लघवी करून यायचं, पाठ टेकवून, पाय जमिनीवर सरळ ठेवून 5 मिनिटं गप्प बसायचं, दंड छातीच्या पातळीवर ठेवायचा. मिनिटभराच्या अंतराने दोनदा मोजायचं, सकाळी आणि संध्याकाळी, सलग 7 दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी पाठवायची. ‘चांगलेच’ आकडे निवडून पाठवण्याचा मोह घरोघरी होतो, त्याने औषध चुकतं. नाडी अनियमित असेल तर हे मशीन फसू शकतं, हे डॉक्टरांना आधीच सांगा. ऑक्सिमीटर गार बोटावर भलतेच आकडे दाखवतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

कृत्रिम पाय वापरणाऱ्यांसाठी फोटो फार कामाचे ठरतात. लायनर (पायावर चढवायचं मऊ अस्तर) काढल्याबरोबर एक आणि 15 मिनिटांनी दुसरा, दोन्ही दिवसाच्या उजेडात, एकाच कोनातून, शेजारी मोजपट्टी ठेवून. लाली तेवढ्यात न उतरणं म्हणजे सॉकेट (कृत्रिम पायाची खोबण) तिथे टोचतोय. चॅटमध्ये फोटो दाबला जाऊन रंग बिघडतो, म्हणून पोर्टलवर मूळ फाइल चढवा.

संदेश कसा लिहावा? असा: ‘दोन्ही घोट्यांना मंगळवारपासून सूज. बोट दाबलं की खळगा राहतो. दम लागत नाही, वजन वाढलेलं नाही. अमलोडिपीन 5 मिलिग्रॅम 10 दिवसांपूर्वी सुरू.’ एका संदेशात एकच तक्रार. छातीत दुखणं, अचानक बोलणं अडखळणं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार यांसाठी पोर्टल नाही, तिथे थेट आपत्कालीन सेवा.

आता घरच्यांचं लॉगिन. बहुतेक घरांत बायको नवऱ्याच्याच पासवर्डने आत जाते. दोन गोष्टी बिघडतात: ओटीपी त्याच्या फोनवर येतो आणि तो फोन नेमका बाहेर असतो, आणि तिने लिहिलेलं डॉक्टर त्याचं म्हणून वाचतात. ‘रात्री ओरडत उठतात’ हे वाक्य कोणी लिहिलं यावर निदान बदलतं. पोर्टलमध्ये प्रतिनिधी नेमण्याची सोय असेल तर तीच घ्या, आणि काय दिसावं, काय नाही, हे त्यानेच ठरवावं.

मानसोपचाराचं सत्र मात्र त्याचं एकट्याचं. आघातानंतरच्या विकारावरचे (पीटीएसडी) ठरलेले उपचार व्हिडिओवरही तपासले गेले आहेत आणि प्रत्यक्ष भेटीपेक्षा कमी पडलेले नाहीत. पण दाराआड कोणी आहे असं वाटलं की माणूस हवापाण्याच्या गप्पांवर येतो. दार लावा, हेडसेट घाला, सुरुवातीलाच आपला पत्ता आणि पर्यायी फोन नंबर समुपदेशकाला द्या. अमेरिकेच्या माजी सैनिक विभागाचं 2011 पासूनचं ‘पीटीएसडी कोच’ अ‍ॅप मोफत आहे, श्वासाचे व्यायाम आणि लक्षणांची नोंद यासाठी बरं आहे. इंग्रजी येत नसेल तर निरुपयोगी.

कुटुंबीयांचे बंद ग्रुप धीर देतात, आणि तिथली मंडळी फॉर्म कुठे अडतो हेही नेमकं सांगतात. औषधांचे सल्ले मात्र तिथून घेऊ नयेत. थकीत रक्कम मिळवून देतो म्हणणारे ठग अशाच ग्रुपमध्ये घिरट्या घालतात. आगाऊ फी किंवा ओटीपी मागितला की विषय संपला.

आणि एक काम आजच करा. माणूस गेल्यावर खातं बंद होऊ शकतं, तेव्हा पत्नीला कागदांसाठी धावावं लागतं. सेवामुक्तीचं प्रमाणपत्र, जखमांच्या नोंदी, सगळे श्रवणआलेख (कानाच्या तपासणीचे आलेख) आणि औषधांची यादी पीडीएफमध्ये उतरवून दोन ठिकाणी ठेवा. यादीत ब्रँडऐवजी मूळ औषधाचं नाव हवं, कारण दोन दवाखान्यांतून एकच औषध दोन नावांनी घरात येतं आणि हे कुठलंही पोर्टल आपण होऊन पकडेल याची खात्री नाही.