कुआरी पासचा हिवाळी ट्रेक: पुण्यातील एका आयोजक संस्थेच्या सेवेचे परीक्षण

जानेवारीच्या अखेरच्या आठवड्यात मी, माझे यजमान आणि एकवीस वर्षांची भाची असे तिघे जण उत्तराखंडच्या गढवालमधील कुआरी पास या खिंडीच्या सहा दिवसांच्या ट्रेकला जाऊन आलो. पुण्यात कार्यालय असलेल्या आणि जोशीमठमधील स्थानिक चमूकडून प्रत्यक्ष ट्रेक चालवून घेणाऱ्या एका संस्थेमार्फत आम्ही गेलो होतो. संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण अशा रीतीने काम करणाऱ्या संस्था अनेक आहेत आणि आम्हाला आलेले अनुभव, बरे आणि वाईट दोन्ही, त्यांपैकी कोणाकडेही येऊ शकतात. हरिद्वार ते हरिद्वार माणशी शुल्क 15,000 रुपयांच्या आत होते. त्यात प्रवासाची गाडी, तंबू, जेवण, वन विभागाची परवानगी आणि गाइड यांचा समावेश होता.

या ट्रेकचे मूल्यमापन करताना मी एकच कसोटी लावली आहे. सह्याद्रीत वाढलेल्या आपल्या ट्रेकर मंडळींना दिवसाची चाल नवी नसते. आतकरवाडीच्या वाटेने सिंहगड नेमाने चढणाऱ्या किंवा कळसूबाईला वर्षातून दोनदा जाणाऱ्या माणसाला कुआरी पासची चढण पायांना जड जात नाही. परंतु कळसूबाई म्हणजे 1,646 मीटर. महाराष्ट्रात याहून उंच जाताच येत नाही, आणि उणे दहा अंशांत तंबूत झोपण्याचा सराव करायला तर आपल्याकडे जागाच नाही. त्यामुळे हिवाळी ट्रेकचे नियोजन हे मुख्यतः रात्रींचे नियोजन असते: किती उंचीवर झोपायचे, कशात झोपायचे, झोपण्यापूर्वी काय खायचे आणि मध्यरात्री कोणाला बरे वाटेनासे झाले तर काय करायचे. आयोजकाला आपण पैसे देतो ते खरे तर याच गोष्टींसाठी.

या कसोटीवर कार्यालयाची पहिली कामगिरी निराशाजनक होती. नोंदणीसाठी दूरध्वनी केला तेव्हा तिथल्या व्यक्तीने रजा वाचवणारा एक आटोपशीर कार्यक्रम सुचवला. जोशीमठला मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी गाडीने औलीपर्यंत जायचे आणि तिथून चालत थेट तालीच्या कॅम्पवर पोहोचायचे. जोशीमठ सुमारे 1,900 मीटरवर आहे आणि ताली जवळजवळ 3,370 मीटरवर. म्हणजे एका रात्रीतून दुसऱ्या रात्रीत झोपण्याची उंची सुमारे 1,470 मीटरने वाढणार होती. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत साधारण 500 मीटरहून अधिक वाढवू नये, हा उंचीवरील आजाराविषयीचा सर्वमान्य संकेत आहे, आणि तो शरीर कमावलेल्या माणसालाही लागू पडतो. मी हा आक्षेप नोंदवला तेव्हा, ‘सगळे जातात, काही होत नाही’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर आयोजकाच्या तोंडी शोभत नाही. तरीही आग्रह धरल्यावर त्यांनी जादा शुल्क न घेता आम्हाला सहा दिवसांच्या तुकडीत घेतले, हेही नमूद केले पाहिजे. त्या कार्यक्रमात ढाक गावाजवळून चढाई सुरू होते, पहिला मुक्काम सुमारे 2,950 मीटरवर गुलिंगला आणि दुसरा सुमारे 3,350 मीटरवर खुल्लारा येथे असतो. ही मांडणी योग्य आहे आणि कोणीही कुआरी पास करताना हीच मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रवासाचे वेळापत्रक मात्र कार्यालयाने विचारपूर्वक आखले होते. जानेवारीत उत्तर भारतातील धुक्यामुळे गाड्या आणि विमाने दोन्ही रखडतात, म्हणून आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत हरिद्वारला पोहोचण्याची अट त्यांनी घातली होती. आमची रेल्वे पाच तास उशिरा पोहोचली, तरी सकाळी सहाची गाडी चुकली नाही. देवप्रयाग, रुद्रप्रयाग, कर्णप्रयाग, नंदप्रयाग असे एकेक संगम मागे टाकत गाडी सायंकाळी जोशीमठला पोहोचली. या गावाचे अधिकृत नाव 2024 पासून ज्योतिर्मठ झाले आहे. जानेवारी 2023 मध्ये जमीन खचून येथील आठशेहून अधिक घरांना तडे गेले होते. त्यातली काही आजही दिसतात आणि पाहून मन विषण्ण होते. आमचा मुक्काम कोणत्या भागात आहे आणि ती इमारत सुरक्षित आहे का, हे मी आधी लेखी विचारले होते. स्थानिक चमूने त्याचे सविस्तर उत्तर दिले होते.

स्थानिक चमूविषयी मला केवळ आदरच वाटतो. चौदा जणांमागे तीन गाइड, एक स्वयंपाकी, दोन मदतनीस आणि खेचरवाले असा ताफा होता. तीन गाइड ही चैन वाटू शकते. ती का नाही, हे खुल्लाराच्या रात्री कळले. ढाकहून वर चढताना खाली धौलीगंगेचे खोरे आणि तपोवनचा परिसर दिसतो. 7 फेब्रुवारी 2021 च्या पुराने तिथे झालेला विध्वंस आमच्या गाइडने हातवारे न करता, हळू आवाजात सांगितला. त्याच्या गावातील माणसे त्यात गेली होती. पुढे द्रोणागिरी शिखर दिसू लागल्यावर त्याने आणखी एक गोष्ट सांगितली. संजीवनीसाठी हनुमानाने त्यांचा पर्वत उचलून नेला, म्हणून द्रोणागिरी गावात आजही हनुमानाची पूजा होत नाही. गावोगावी मारुतीचे देऊळ असलेल्या आमच्या मंडळींना हे ऐकून क्षणभर काय बोलावे ते सुचले नाही.

कॅम्पची जागा ही माझ्या मते आयोजकाची खरी परीक्षा आहे. उत्तराखंड उच्च न्यायालयाने 2018 मध्ये बुग्यालांवर, म्हणजे उंचावरील गवताळ कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामास बंदी घातली. आमचे दोन्ही कॅम्प कुरणांवर नव्हते, झाडांच्या आडोशाला होते. यामुळे नियम पाळला जातोच, शिवाय वारा कमी लागतो. गुलिंगला पोहोचताच ओले मोजे बदलायला लावणे, सूर्य मावळण्यापूर्वी सर्वांना जाडे जाकीट घालायला लावणे, साडेसहाला गरम सूप आणि सातला जेवण वाढणे, अशी शिस्त होती. नऊ वाजता जेवणाऱ्या घरातून आलेल्यांना ही वेळ विचित्र वाटली, पण उबदार पोटाने आठला स्लीपिंग बॅगमध्ये शिरण्याचे मोल दुसऱ्या दिवशी सर्वांनाच पटले. रात्री प्रत्येकाला बाटलीभर उकळते पाणी मिळे. ती बाटली मोज्यात घालून पायांशी ठेवली की दोन तास ऊब मिळते आणि सकाळी प्यायला न गोठलेले पाणी राहते. आमच्यातील एका गृहस्थांनी तंबूत शेगडी ठेवण्याची विनंती केली, तेव्हा प्रमुख गाइडने ती ठाम शब्दांत नाकारली आणि बंद तंबूत कोळशाच्या विषारी वायूने झोपेतच माणसे कशी दगावतात, हे सर्वांना बसवून समजावले. कोणाचा राग ओढवेल याची पर्वा न करता असे नाही म्हणणारा गाइड मिळणे, हे माझ्या दृष्टीने सेवेतील सर्वांत मोठे वैशिष्ट्य आहे.

आता स्लीपिंग बॅगविषयी, कारण सर्वांत गंभीर तक्रार हीच आहे. संस्थेच्या पत्रकात ‘उणे 10 अंशांपर्यंत चालणारी स्लीपिंग बॅग’ असे छापले होते. स्लीपिंग बॅगच्या तापमानाचे तीन वेगळे आकडे असतात, हे ग्राहकाला सहसा कोणी सांगत नाही. एक आकडा आरामाचा, म्हणजे ज्या तापमानाला सर्वसामान्य स्त्री स्वस्थ झोपू शकते. दुसरा मर्यादेचा, म्हणजे ज्या तापमानाला सर्वसामान्य पुरुष अंग आक्रसून रात्र काढू शकतो. तिसरा टोकाचा, म्हणजे ज्या तापमानाला माणूस काही तास केवळ जिवंत राहील आणि शरीराचे तापमान धोकादायकरीत्या घसरण्याचा संभव असेल. पत्रकातला उणे 10 यांपैकी कोणता, हे कार्यालयाला विचारले तेव्हा कोणालाच सांगता आले नाही. खुल्लाराला पहाटे कॅम्पच्या थर्मामीटरवर उणे 11 दिसत होते. मी थर्मलचे दोन थर, लोकरी टोपी आणि जाकीट घालूनही रात्री दोननंतर झोपले नाही. बॅगचा भराव खांद्यांपाशी गोळा होऊन पातळ झाला होता. अनेक हंगामांच्या वापराने आणि दाबून भरून ठेवल्याने असे होते. शेजारच्या तंबूतील दोघींचाही अनुभव हाच होता. मदतनिसाला हाक मारली तेव्हा त्याने न कुरकुरता फ्लीसचे आतले अस्तर आणि खाली घालायला दुसरी मॅट आणून दिली. अंगाखालचा भराव वजनाने चपटा होतो आणि बरीच थंडी जमिनीकडून येते, त्यामुळे दुसऱ्या मॅटने लगेच फरक पडला. कॅम्पवर ही वस्तू होती, तर ती पहिल्याच संध्याकाळी सर्वांना का दिली नाही, हा प्रश्न उरतोच. भाड्याने घेतलेले मायक्रोस्पाइक (बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना लावायचे काटे) आणि गेटर (बुटांत बर्फ जाऊ नये म्हणून पोटऱ्यांवर घालायची आवरणे) मात्र उत्तम स्थितीत होते.

त्याच रात्री माझ्या भाचीचे डोके दुखू लागले आणि तिने जेवण टाकले. आमच्यात सर्वांत चपळ तीच होती. दोन्ही दिवस ती गाइडच्या पाठोपाठ पुढे चालत होती, आणि बहुधा पाणी कमी पीत होती. गाइडने सकाळ-संध्याकाळ प्रत्येकाच्या रक्तातील ऑक्सिजनची पातळी वहीत नोंदवली होती, त्यामुळे तिची घसरण त्याला आकड्यांत दिसली. त्याने तिला उगीच घाबरवले नाही आणि ‘होईल बरे’ असेही म्हटले नाही. रात्री दोनदा येऊन पाहिले, आणि सकाळी डोकेदुखी न थांबल्याने ती खिंडीकडे जाणार नाही, असे शांतपणे सांगितले. तिसरा गाइड तिच्याबरोबर थांबला, आणि त्रास वाढला तर ताबडतोब गुलिंगला उतरायचे, असे ठरवून आम्ही निघालो. तिसरा गाइड नसता, तर एक तर ती आजारी स्थितीत वर आली असती किंवा सर्वांना परतावे लागले असते. दुपारपर्यंत तिला बरे वाटले.

खिंडीच्या दिवसाविषयी थोडक्यात सांगते. सहा वाजता निघून, गुडघाभर बर्फातून गाइडने तुडवलेल्या वाटेने, साडेअकराला आम्ही खिंडीत पोहोचलो. आयोजक तिची उंची सुमारे 12,500 फूट सांगतात. नंदादेवी शिखराभोवतीच्या पर्वतवेढ्यात शिरण्याची वाट शोधायला निघालेले ब्रिटिश गिर्यारोहक शिप्टन आणि टिलमन 1934 मध्ये याच खिंडीतून आले होते. चौखांबा, नीलकंठ, हाथी पर्वत, द्रोणागिरी आणि दूरवर 7,756 मीटरचा कामेत असे सगळे एका नजरेत येते. त्यासाठी एवढ्या लांब यावे, यात मला शंका नाही. परतताना औलीच्या वाटेवर गोरसोन बुग्यालवरून दिसलेली नंदादेवी मला खिंडीतील दृश्याहूनही अधिक भावली.

एक आक्षेप मात्र अजून आहे. संस्थेच्या जाहिरातीत ‘खिंड गाठण्याची हमी’ असे शब्द आहेत. हिवाळ्यात ताजी बर्फवृष्टी झाली की अखेरचा उतार धोक्याचा होऊ शकतो आणि तेव्हा मागे फिरणे हेच गाइडचे काम असते. अशी हमी देणारे कार्यालय आपल्याच गाइडवर अनुचित दडपण आणते. परतल्यावर मी स्लीपिंग बॅगच्या आकड्याविषयी आणि या वाक्याविषयी कार्यालयाला सविस्तर पत्र लिहिले. दहा दिवसांत उत्तर आले. पुढील तुकडीच्या पत्रकात आता आरामाच्या तापमानाचा आकडा छापला आहे आणि दुसरी मॅट सर्वांना देण्याचे मान्य केले आहे. हमीचे वाक्य अद्याप तसेच आहे. म्हणून स्थानिक चमूला पाच तारे देऊनही एकंदर सेवेला मी पाचपैकी चारच देत आहे.