एकदा तापवलेला लायनर परत घेत नाहीत

स्कीच्या बुटांचे लायनर, म्हणजे आतले फोमचे मऊ बूट, घ्यायला मी कोपरखैरण्याच्या एका गाळ्यात जेमतेम पाऊण तास होते. तेवढ्यात माझे साडेअठरा हजार रुपये गेले. त्याहून वाईट म्हणजे माल खोटा आहे हे दाखवणारा पुरावा विकणाऱ्या माणसाने माझ्यासमोर, माझ्या होकारानेच, ओव्हनमध्ये घातला. पैशांचं दुःख आहेच, पण लिहायला बसले ते या दुसऱ्या गोष्टीसाठी. माझ्या ओळखीतले दहा-बारा जण दर हिवाळ्यात ठाण्या-डोंबिवलीतून गुलमर्गला, औलीला, सोलांगला स्कीइंगसाठी जातात. त्यांतल्या निम्म्यांचे बूट आता लायनर बदलायच्या वयाचे झालेत, आणि तो माणूस अजून विकतोच आहे.

टूरिंग, म्हणजे लिफ्टशिवाय स्कीवरून डोंगर चढून मग खाली उतरणं, करत नसाल तर आधी थोडं सांगते. टूरिंगच्या बुटाचे दोन भाग असतात. बाहेर प्लास्टिकचं कडक शेल आणि आत फोमचा मऊ बूट, तो लायनर. शेल बरीच वर्षं चालतं, लायनर आधी जातो. स्कीच्या तळाला स्किन, म्हणजे मागे घसरू न देणारी केसाळ पट्टी, चिकटवून आपण चढतो तेव्हा बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला जोडणाऱ्या पकडीत, बुटाचं फक्त टोक अडकवलेलं असतं. टाच दर पावलाला उचलली जाते आणि घोट्यामागचा फोम दर पावलाला दुमडतो. हजार मीटर चढायचं म्हणजे हे काही हजार वेळा होतं. फोम दबत जातो, टाच आत सुटी पडते, फोड येतात आणि उतरताना नडगी पुढच्या कडेवर आदळत राहते. माझ्या बुटांनी सात हिवाळे काढले होते. उरलेले महिने ते पाचपाखाडीच्या घरी माळ्यावर असायचे. आपल्याकडच्या पावसाळ्यात माळ्यावर काय होतं ते सांगायला नको. गेल्या ऑक्टोबरमध्ये काढले तेव्हा आतलं कापड टाचेपाशी फाटलेलं होतं आणि त्याला बुरशीचा वास येत होता.

शेल मात्र उत्तम होतं. नव्या बुटांना लायनरच्या तिप्पट-चौपट पैसे पडतात, म्हणून फक्त लायनर घ्यायचे ठरवले. पण ठाण्यात कुठल्या दुकानात जाऊन ‘लायनर दाखवा’ म्हणावं अशी सोय नाही. व्हँकुव्हरच्या इंट्युइशनचे किंवा फ्रान्सच्या पालाऊचे मागवायचे तर कुरिअर आणि कस्टमचा खर्च धरावा लागतो, आणि माप चुकलं तर परत पाठवायचा खर्चही आपलाच. मी हिशेब मांडत बसले होते, तेवढ्यात आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर कुणीतरी एक जाहिरात पुढे पाठवली. नवे, परदेशी, टूरिंगचे लायनर, माप साडेसव्वीस, मोल्डिंग (तापवून पायाच्या आकारात बसवणं) फुकट. पत्ता कोपरखैरणे. रिक्षाने ठाणे स्टेशन, तिथून वाशीची ट्रेन, मध्ये उतरायचं. इतकं जवळ मिळतंय म्हटल्यावर मी खूश झाले.

गाळा नीटनेटका होता. भिंतीला स्की टेकवलेल्या, कपाटात हेल्मेट, कोपऱ्यात एक मोठा ओव्हन. माणूस पस्तिशीचा, बोलायला अतिशय गोड. ‘ताई, तुमचं शेल कुठल्या मापाचं?’ हे त्याने पहिल्याच वाक्यात विचारलं आणि माझा निम्मा विश्वास तिथेच बसला. या विषयातलं ज्याला कळतं तोच हे विचारतो. साडेसव्वीस हे पायाच्या लांबीचं सेंटिमीटरमधलं माप, त्याला मोंडोपॉइंट म्हणतात. बहुतेक कंपन्यांचं शेल सव्वीस आणि साडेसव्वीसला एकच असतं, फरक आतल्या लायनरचा किंवा तळपट्टीचा असतो. हे सगळं त्याने मला बरोबर सांगितलं. त्याचं ज्ञान खोटं नव्हतं, हे आज मुद्दाम नोंदवून ठेवते. फसवणारा अडाणी असतो आणि बोलण्यात पकडला जातो, असं मला तोवर वाटत होतं.

लायनर पारदर्शक पिशवीत होते, खोका नव्हता. ‘खोक्याने कुरिअरचं वजन वाढतं, म्हणून काढून आणतो,’ असं तो म्हणाला. हातात घेतले तर छान फुगीर लागले. टाचेवर मापाचा स्टिकर होता. लिंबासारख्या स्प्रेचा वास येत होता. मी दोन्हींचा एक फोटो काढून ग्रुपवर टाकला, ‘मिळाले!’ एवढंच लिहून. तो फोटो मी आनंदात काढला होता, पण पुढे माझ्या हातात तेवढंच उरलं.

मग तो म्हणाला, ‘ओव्हन तापलेलाच आहे, लगेच करून देतो. पुन्हा चक्कर नको तुम्हाला.’

इथे मी थांबायला हवं होतं. या लायनरचा फोम उष्णतेने मऊ होतो. साधारण एकशेदहा-एकशेवीस अंशांवर दहा-बारा मिनिटं ठेवला की तो फुगतो. मग बोटांवर टोपी चढवून पाय आत घालायचा, बकल लावायचं आणि तो निवेपर्यंत हलायचं नाही. निवताना फोम तुमच्या पायाचा आकार घेतो. तो आकार घेतला की तो लायनर तुमचा झाला. कुठलंही प्रामाणिक दुकान मोल्ड केलेला लायनर परत घेत नाही, आणि ते रास्तच आहे. त्याने पावतीवर हेच लिहिलं होतं, ‘मोल्ड केलेला माल परत घेतला जाणार नाही’. मी वाचलं, मान डोलावली आणि सही केली. नियम खरा होता, म्हणून त्याच्या आड काय चाललंय ते मला दिसलं नाही. पैसे यूपीआयने दिले. समोर दुकानाचं नाव न येता एका व्यक्तीचं नाव आलं, तेही मी पाहिलं होतं. बिल मागितलं तर ‘पक्कं बिल हवं तर टॅक्स वेगळा लागेल’ हे उत्तर मिळालं. ते मी मुकाट ऐकून घेतलं, आणि याची मला आजही चीड येते.

घरी आले तेव्हा पायाला बूट इतके छान बसले होते की मी हॉलमध्ये तासभर घालून बसले. ताजा तापवलेला फोम असाच लागतो. जुना, दबलेला फोमसुद्धा तापवला की थोडा फुगतो आणि काही दिवस नव्यासारखा वाटतो. त्याचा सगळा धंदा या एका गोष्टीवर चालतो.

फेब्रुवारीत आम्ही गुलमर्गला गेलो. पहिल्या दिवशी गोंडोलाने, म्हणजे रोपवेने, वरच्या कोंगडूरी स्थानकापर्यंत जाऊन उतारावर सराव केला, तेव्हा फारसं जाणवलं नाही. दुसऱ्या दिवशी गुलमर्गहून स्किन लावून वर निघालो. गुलमर्ग साडेसव्वीसशे मीटरवर, कोंगडूरी त्याच्या चारशे-साडेचारशे मीटर वर. अर्ध्यावर पोचायच्या आत माझी डावी टाच उचलायला लागली. पोटरीमागे काहीतरी कडक टोचत होतं, वॉक मोडवर, म्हणजे चढताना घोटा मोकळा ठेवणाऱ्या सेटिंगवर, टाकूनही बूट मागे झुकत नव्हता. बोटांपुढे लायनरची घडी पडून ती अंगठ्यावर दाबत होती. अंगठा आधी दुखला आणि मग बधिर झाला. दुखत असताना मी चालत राहिले होते. बधिर झाल्यावर मात्र घाबरले, कारण शून्याखालच्या थंडीत पायाचं रक्त अडलं की पुढे हिमदंश असतो. माझ्यासाठी सगळे परतले. दोघांचा तो पहिलाच टूरिंगचा दिवस होता.

खाली बूट भाड्याने देणाऱ्या दुकानातल्या मुलाने लायनर बाहेर काढला, मागून वाकवून पाहिला आणि म्हणाला, ‘दीदी, ये टूरिंग का है ही नहीं.’ टूरिंगच्या लायनरला घोट्याच्या मागे मऊ जोड असतो किंवा खाच दिलेली असते, म्हणजे पाय मागेपुढे मोकळा फिरतो. माझ्या लायनरला मागे वरपासून खालपर्यंत सलग कडक पाठ होती. तो लिफ्टने वर जाऊन फक्त उतरणाऱ्यांच्या, अल्पाइन बुटाचा लायनर होता. उरलेले दिवस मी भाड्याचे बूट घालून काढले. उजव्या अंगठ्याचं नख काळं पडलं आणि एप्रिलमध्ये गळून गेलं.

ठाण्याला आल्यावर मी ते लायनर जांभळी नाक्याजवळच्या आमच्या चर्मकार काकांकडे नेले. माझे ट्रेकचे बूट ते वर्षानुवर्षं शिवतात. स्कीचा बूट त्यांनी आयुष्यात पाहिलेला नाही. मी काहीच न सांगता लायनर त्यांच्या हातात दिला आणि ‘बघा ना काका, कसा वाटतो’ एवढंच म्हणाले. त्यांनी लायनरची जीभ उलटी केली, अंगठ्याच्या नखाने शिवणीवरून ओढ दिली आणि म्हणाले, ‘ताई, ही शिवण दोनदा मारलीये. हे बघा, जुन्या टाक्यांची भोकं बाजूलाच राहिलीत. दोराही वेगळा. ही जीभ या बुटाची नाही, दुसऱ्याची काढून लावलीये.’ मग त्यांनी टाचेवरचा स्टिकर नखाने उचकटला. खाली कापडात विणलेला छोटा टॅग होता आणि त्यावर २७.५ असा आकडा. म्हणजे एक माप मोठा लायनर माझ्या शेलमध्ये कोंबला होता, म्हणूनच पुढे घडी पडत होती. आतली तळपट्टी काढली तेव्हा दुसऱ्याच कुणाच्या तरी पाचही बोटांचे ठसे दिसले, मळकट आणि खोल. मला रडू आलं. काकांनी स्टूल पुढे केलं, पाणी दिलं आणि एक पैसाही घेतला नाही.

हे सगळं मला कोपरखैरण्याच्या गाळ्यातच बघता आलं असतं. तळपट्टी बाहेर काढायला दोन सेकंद लागतात. लायनर मागून वाकवून पाहायला तेवढीच. घरी आल्यावर स्वयंपाकघरातल्या काट्यावर दोन्ही ठेवले तर माझा जुना लायनर दोनशे साठ ग्रॅम भरला आणि हा चारशे ऐंशी. एवढा फरक हातालाही जाणवायला हवा होता, पण जुना मी बरोबर नेलाच नव्हता. तुम्ही जाल तेव्हा जुना लायनर आणि शेल दोन्ही घेऊन जा. आधी रिकाम्या शेलमध्ये पाय घाला, बोटं पुढे टेकवा आणि टाचेमागे किती जागा राहते ते पाहा. साधारण दीड ते दोन सेंटिमीटर, म्हणजे दीड-दोन बोटं राहिली तर शेलचं माप ठीक. मग नवा लायनर न तापवता, थंडच, शेलमध्ये घालून पाहा. आत हात घालून पुढे घडी पडते का ते चाचपा. न तापवलेला नवा लायनर घट्ट लागतो, अंगावर येतो. तसाच लागला पाहिजे. पहिल्याच झटक्यात गादीसारखा मऊ लागला तर तो याआधी तापवलेला आहे. स्टिकर सोलून पाहू द्या म्हणा. नाही म्हणाला तर उठा. परदेशातून आलेल्या पॅकबंद मालावर आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, एमआरपी आणि महिना-वर्ष छापलेलं असावं लागतं, हा २०११च्या वजनमापाच्या नियमांचा भाग आहे. ते नसेल तर तो माल कुणाच्या बॅगेतून आलाय हे कुणालाच सांगता येणार नाही.

आणि काहीही झालं तरी त्याच दिवशी तापवू देऊ नका. घरी न्या, दोन दिवस ठेवा, जाणत्या माणसाला दाखवा. मोल्डिंग नंतरही होतं. मोज्यात तांदूळ भरून तो तापवायचा आणि लायनरमध्ये ठेवायचा, असं घरच्या घरी करणारे माझ्या ओळखीत दोघं आहेत. फुकट मोल्डिंगची किंमत पाच-सातशे रुपये धरा, आणि तेवढ्यासाठी परत करायचा हक्क सोडू नका.

तक्रारीचं सांगते. मी त्याला फोन केला, त्याने पावतीवरची माझी सही आठवून दिली आणि नंबर ब्लॉक केला. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली, मग वकील असलेल्या मावसबहिणीने रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. ती परत आली, गाळा बंद होता. आता ठाणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. २०१९च्या कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. पक्कं बिल नाही म्हणून गप्प बसू नका. यूपीआयची नोंद, जाहिरातीचे स्क्रीनशॉट, चॅट, सगळं जोडता येतं. माझ्या बाजूने सगळ्यात भक्कम आहे तो ग्रुपवर टाकलेला ‘मिळाले!’वाला फोटो. मोठा करून पाहिला तर स्टिकरच्या कडेतून खालच्या टॅगचा कोपरा दिसतो, आणि तो फोटो ओव्हनच्या आधीचा आहे हे त्यावरच्या वेळेवरून कळतं. तारीख पडली आहे, निकाल अजून लागायचा आहे.

डोंबिवलीच्या एका मुलाने याच माणसाला आगाऊ पैसे पाठवले होते, त्याला मालही मिळाला नाही. तुमचं तसं झालं तर आधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा, त्याच तासाला. पैसे पुढे सरकण्याआधी खातं गोठवता आलं तर तिथेच काही वाचतं.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर जाहिरात दिसली. नाव नवीन, पत्ता खारघरचा, किंमत सोळा हजार, मोल्डिंग फुकट. फोटोत तीच पांढरी फरशी आहे आणि कोपऱ्यात तोच ओव्हन. लायनर काळे आहेत, जिभेला लाल पट्टी, स्टिकरवर साडेसव्वीस, आणि उजव्या लायनरची जीभ डाव्यापेक्षा बोटभर लांब आहे.