घरचा बट्रेस: दिवाळीपासून आषाढापर्यंतच्या वापरानंतर

अदिती स्वामी आणि ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंडमध्ये, म्हणजे टोकांना चाकं असलेल्या धनुष्याच्या प्रकारात, जगज्जेते झाले, तेव्हापासून लेकीच्या डोक्यात धनुर्विद्या बसली. आता ती वीस पौंड ओढीच्या रिकर्व्हवर, म्हणजे टोकं पुढे वळलेल्या बिनचाकांच्या धनुष्यावर शिकतेय. ग्राउंडवरचा सराव पुरत नाही आणि फोमचा तयार बट्रेस (बाण अडवणारा जाड ठोकळा) परवडणारा नव्हता, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही घरीच दोन प्रकार केले. दोन्ही रोजच्या वापरात आहेत.

पहिलं पोतं. धान्याच्या प्लास्टिकच्या पोत्यात जुन्या साड्या, चादरी आणि दुकानदार फेकून देतात तो पॅकिंगचा प्लास्टिक कागद ठासून भरला. हूक, चेन, बटणं आधी कापून काढावीच लागतात. खर्च जवळपास शून्य, आणि बाण दोन बोटांनी निघतो, त्यामुळे लहान मुलांना फार सोयीचं. पण भरलेलं सगळं हळूहळू खाली बसतं आणि वरचा भाग पोकळ होतो. दर थोड्या दिवसांनी पोतं उतरवून, आपटून, पुन्हा भरावं लागतं. उन्हाने त्याची वीणही विरली, मग वरून दुसरं पोतं चढवलं.

खरं समाधान दिलं ते पुठ्ठ्याच्या बट्रेसने. रद्दीवाल्याकडून खोक्यांचा पुठ्ठा किलोवर आणला, त्याच्या सव्वा फूट रुंदीच्या पट्ट्या कापल्या आणि एकावर एक रचल्या. वर-खाली जाड फळी, दोन्ही बाजूंना आटेदार रॉड, नट आणि मोठे वॉशर. बाण पुठ्ठ्याच्या कडांवर, म्हणजे दोन थरांच्या मध्ये घुसतो आणि दोन्हीकडून दांडीला होणाऱ्या घर्षणाने थांबतो. त्यामुळे सगळा खेळ दाबाचा आहे. नट सैल पडले की बाण मागून डोकावू लागतो. पान्याने दोन-तीन आटे आवळले की पुन्हा वीतभरावर थांबतो. मधला भाग सगळ्यात आधी झिजतो. नट सैल करून तेवढेच थर वरच्या थरांशी अदलाबदल करता येतात, हा या रचनेचा सगळ्यात मोठा फायदा. चिकटपट्टी मात्र पूर्ण सोलून काढा. तिचा गोंद दांडीला चिकटतो आणि बाण उपसताना लेकीचा दम निघतो. टोकाकडच्या भागावर कोरडा साबण फिरवला की बराच फरक पडतो.

बाण काढताना एक तळवा बट्रेसवर दाबून धरायचा, बाण सरळ रेषेत ओढायचा आणि मागे कुणालाही उभं राहू द्यायचं नाही. नॉक, म्हणजे बाणाचं मागचं टोक, थेट डोळ्यात जाऊ शकतो. रॉडवर जुन्या टायरचे तुकडे बांधा. लोखंडाला लागलेला कार्बनचा बाण हलका वाकवून, चीर गेली नाही ना हे पाहिल्याशिवाय पुन्हा लावू नका. आमच्या बट्रेसच्या मागे दगडी कुंपणभिंत आहे आणि तिकडून येण्याजाण्याची वाट नाही. तशी जागा नसेल तर घरी सराव नकोच.

पावसाळा हा पुठ्ठ्याचा शत्रू. ओल लागली की थर मऊ पडतात, आणि जमिनीवर ठेवला तर वाळवी लागते. आमचा विटांवर, शेडमध्ये, ताडपत्रीखाली असतो.

सराव पाच-सहा मीटरवरून. बहुतेक दिवस कागद लावतच नाही, कोऱ्या बट्रेसवर फक्त अँकर (ओढलेला हात चेहऱ्याशी ठरल्या जागी टेकवणं) आणि रिलीज (दोरी सोडणं). रविवारी इनडोअरचा ४० सेंटीमीटरचा फेस, म्हणजे वर्तुळांचा लक्ष्याचा कागद, लावतो. ग्राउंडवर ७० मीटरच्या फेसमधलं दहाचं वर्तुळ १२.२ सेंटीमीटरचं असतं, इथे ते फक्त ४ सेंटीमीटरचं, त्यामुळे जवळूनही तिचा कस लागतो. ग्रुप आता चांगले जमतात, म्हणजे बाण जवळजवळ लागतात, हे तिच्या सरांनीच सांगितलं.

कंपाउंडवाल्यांनी मात्र या दोन्हींच्या वाटेला जाऊ नये. त्या धनुष्याला नियमाने ६० पौंडांपर्यंत मुभा आहे. शेजारच्या दादाने पुठ्ठ्यावर एक बाण सोडून पाहिला, तो व्हेनपर्यंत, म्हणजे मागच्या पंखांपर्यंत आत गेला आणि काढताना दोन व्हेन उखडून आल्या. त्यांच्यासाठी फोमच घ्या.