विमानात शूट की घरी मुलाखत?

उड्डाणाच्या भीतीवर कॉलेजची डॉक्युमेंटरी करायची, तर पहिला मोह घाबरणाऱ्या माणसासोबत पुणे–दिल्ली विमानात बसण्याचा. चाकं आत जातानाचा धप्प आवाज, सीटच्या हाताला घट्ट धरलेली बोटं, हे खोलीत मिळणार नाही. पण पुण्याचं लोहगाव विमानतळ म्हणजे हवाई दलाचा तळ, तिथे चित्रीकरणाला मनाई. वर इंजिनाची घरघर संवाद गिळते, रीटेक नाही. आणि त्या माणसाला खरंच भीतीचा झटका आला तर कॅमेरा धरायचा की त्याचा हात?

घरच्या मुलाखतीत दृश्यं कोरडी, पण कॉलर माइकवर आवाज स्वच्छ, माणूस थांबत थांबत मनातलं बोलतो. मी हेच निवडेन. विमानं हवीत? मुंबईत घाटकोपरच्या गच्चीवरून उतरताना टिपा, फुकट.